पहिला क्रमांक खोक्याला का मिळाला

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या काही मोटारप्रेमी मंडळींनी आपसांत किट कारच्या, म्हणजे सुट्या भागांचा संच आणून घरी जोडायच्या गाडीच्या, डिझाइनची स्पर्धा घेतली, तिचा निकाल लागला आणि पहिले पारितोषिक एका उघड्या, बिनदरवाज्यांच्या, पुढून-मागून जवळजवळ सारख्याच उंचीच्या गाडीला मिळाले, जिला लोक ‘खोका’ म्हणतात. ज्या लाल, जमिनीला टेकलेल्या गाडीवर सर्वांचे मन बसले होते, तिची मात्र उत्तेजनार्थ उल्लेखावर बोळवण झाली. त्यावरून रविवारी सकाळी पोहे-जलेबीच्या निमित्ताने जमणाऱ्या मंडळींत दोन तट पडले आहेत. परीक्षकांना डोळे नाहीत असे एक तट म्हणतो, चित्र काढणाऱ्यांनी कधी पाना हातात धरलेला नाही असे दुसरा म्हणतो, आणि आपण मला विचारत आहात की खरे कोणाचे. मी परीक्षक नव्हतो आणि स्पर्धकांपैकी कोणी माझ्या ओळखीचे नाही. पीथमपूरच्या एका कारखान्यातल्या बॉडी शॉपमध्ये बावीस वर्षे काढल्यानंतर आता सांवेर रोडवर फायबरच्या कामाची शेड चालवतो, एवढाच माझा या विषयातला अधिकार. तिन्ही बक्षीसपात्र चित्रे आणि ते लाल चित्र आपण पाठवलेत, म्हणून बोलता येते. माझे मत असे की विजेत्या गाडीच्या मागच्या अर्ध्या भागाविषयी परीक्षक बरोबर आहेत, पुढच्या अर्ध्या भागाविषयी लोक बरोबर आहेत, आणि खरी चूक दुसऱ्या क्रमांकाच्या बाबतीत झाली आहे, जिच्याविषयी अजून कोणी अवाक्षर काढलेले नाही.

स्पर्धेची अट आधी पाहू, कारण बहुतेक वाद ती न वाचता चालला आहे. गाडी दोन आसनी हवी, यंत्रसामग्री मारुती ८०० मधून काढलेली हवी, इंजिन चालकाच्या पाठीमागे हवे, चौकट पोलादी नळ्यांची आणि अंगावरचे कवच फायबरचे हवे, आणि वेल्डिंगचा संच, ग्राइंडर व ड्रिल एवढीच साधने असलेल्या माणसाला ती जोडता आली पाहिजे. मारुती ८०० ही १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली, भंगारात सहज मिळते आणि तिचा कोणता भाग इथल्या सियागंज बाजारात मिळणार नाही असे होत नाही. म्हणून निवड योग्यच आहे. परंतु ही गाडी निवडली की पुष्कळ गोष्टी स्पर्धकाच्या हातातून आपोआप निघून जातात. ते लाल चित्र काढणाऱ्याने नेमके हेच लक्षात घेतलेले नाही.

एक कागदाची पट्टी घ्या आणि त्या लाल गाडीच्या बाजूच्या चित्रावर चाकाचा व्यास त्या पट्टीवर खुणेने मांडा. मग तीच पट्टी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत सरकवत मोजत जा. मी मोजले तेव्हा सव्वातीन व्यास भरले. आता मारुती ८०० चे आकडे पाहा. दोन चाकांच्या मध्यांतले अंतर २,१७५ मिलिमीटर, आणि टायर १४५/७० आर १२, म्हणजे बारा इंची रिमवरचा पूर्ण टायर साधारण ५०८ मिलिमीटर उंच. २,१७५ ला ५०८ ने भागले तर सव्वाचारपेक्षा किंचित जास्त येते. चित्रातल्या प्रमाणात टायर बसवायचा तर तो सुमारे ६७० मिलिमीटरचा हवा. तो मोठ्या सेडानला किंवा जीपवजा गाडीला शोभेल असा टायर झाला. आपण म्हणाल की चौकट तर नव्याने बांधायची आहे, मग मोठी चाके लावू. लावता येतील, पण टायरचा व्यास एकतीस-बत्तीस टक्क्यांनी वाढला की प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो, आणि ७९६ सीसीचे ते सदतीस अश्वशक्तीचे इंजिन पहिल्या गिअरमध्ये क्लच जाळत उठेल. उलट चाके ५०८ चीच ठेवून चित्राचे प्रमाण राखायचे म्हटले, तर दोन चाकांतले अंतर साडेसोळाशे मिलिमीटरवर येते, आणि त्यात इंजिन बसवल्यावर माणसाला बसायला जागा उरत नाही. ज्या रूपावर लोक भाळले त्याचा मोठा हिस्सा त्या फुगवलेल्या चाकांचा आहे. विजेत्याने चाके खरी काढली, म्हणून त्याची गाडी मोठ्या माणसाने लहान मुलाच्या चपला घातल्यासारखी दिसते. पण त्या चपला त्याला अटीनेच दिलेल्या आहेत.

आता मागच्या उंचीकडे वळू, कारण ‘खोका’ हा शब्द मुख्यतः तिच्यावरून आला आहे. मारुती ८०० चे इंजिन पुढे, गाडीच्या रुंदीच्या दिशेने बसवलेले आणि पुढचीच चाके फिरवणारे असते. ते चालकाच्या मागे न्यायचे म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, चाके फिरवणारे दोन्ही दांडे म्हणजे ड्राइव्हशाफ्ट आणि दोन्ही बाजूंचे स्ट्रट असा पुढचा सगळा संच उचलून मागच्या चाकांवर ठेवायचा. घरगुती साधनांत जमणारा हा एकच मार्ग आहे आणि तो चांगला आहे. मात्र त्या संचातला स्ट्रट हा चाकाचे धक्के झेलणारा उभा, लांब भाग असतो. त्याचे वरचे टोक टायरच्या माथ्यापेक्षा वीतभर तरी वर जाते, आणि त्या टोकाशी चौकटीचा मजबूत आधार द्यावा लागतो, कारण मागच्या चाकाचा प्रत्येक धक्का तिथे येऊन आदळतो. शिवाय तीन सिलिंडरचे ते इंजिनही जवळपास उभेच. यांच्यावर कवच घालायचे म्हणजे गाडीची पाठ उंच होणारच. लाल चित्रात मागची पाठ टायरच्या माथ्याबरोबर सरळ वाहत गेली आहे. ती तशीच बांधली तर दोन्ही स्ट्रट कवचातून सशाच्या कानांसारखे बाहेर येतील.

अशी बसकी पाठ कुठेच होत नाही असे नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फॅक्टरी फाइव्ह नावाची १९९५ पासून किट कार विकणारी कंपनी आहे. तिने आपल्या एका गाडीच्या रूपासाठी अशीच खुली डिझाइन स्पर्धा घेतली होती. त्या गाडीचे नाव ८१८, आणि नाव वजनाच्या उद्दिष्टावरून, ८१८ किलोग्रॅमवरून, ठेवलेले. तीतही सुबारू डब्ल्यूआरएक्सचा पुढचा इंजिन-गिअरबॉक्सचा संच उचलून चालकाच्या मागे ठेवला आणि चारही चाकांची चाल बंद करून फक्त मागच्या दोन चाकांना दिली. कल्पना आपल्या स्पर्धेतल्यासारखीच. पण सुबारूचे इंजिन आडवे पसरलेले असते, त्याचे सिलिंडर समोरासमोर झोपलेले असतात, म्हणून मागची पाठ खाली ठेवायला तिथे मुळात जागा होती. ती चित्रे पाहून मारुतीवर तशीच पाठ काढणे म्हणजे शेजाऱ्याच्या मापाने आपला अंगरखा शिवणे होय.

येथवर परीक्षकांची बाजू झाली. पण विजेत्याचे टिपण मी दोनदा वाचले, आणि त्यात एक वाक्य आहे ज्यावर कोणीच बोट ठेवलेले दिसत नाही. त्याने पुढच्या चाकांसाठीही दुसऱ्या भंगार ८०० चा स्ट्रटसंच घेतला आहे. हे चालते, बाहेरचे ड्राइव्हशाफ्ट-सांधे तोडून तसेच ठेवले की हबचे बेअरिंग आवळलेले राहते, स्टीअरिंग आयते मिळते आणि खर्च फार येत नाही. मात्र त्यामुळे मागच्यासारखेच उंच स्ट्रट पुढेही आले आणि नाक उगाच वर गेले. मागची उंची ही सक्ती होती, पुढची मात्र सोय होती. पुढे इंजिन नाही, फिरते शाफ्ट नाहीत, वजन हलके आहे. अशा ठिकाणी नळीच्या दुहेरी विशबोन, म्हणजे चाक धरणाऱ्या त्रिकोणी भुजा, करून मोटारसायकलचा छोटा शॉक तिरका बसवला असता, तर नाक सहज वीतभर खाली आले असते. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या आवारात २००७ पासून विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांची बाहा स्पर्धा होते. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले असे सस्पेन्शन स्वतः वेल्ड करून आणतात आणि त्यावर खड्ड्यांतून तासन्‌तास गाडी पळवतात. तेव्हा ते अवघड आहे ही सबब चालणार नाही. ज्यांना विजेती गाडी खोका वाटली त्यांची नजर खोटी नव्हती. एवढेच की त्यांनी दोष पाठीला दिला, आणि पाठीने तो अपराध केलेला नव्हता.

फायबरच्या बाबतीत मात्र विजेत्याला मी पुरते गुण देतो, कारण तिथे त्याने कवच साच्यातून बाहेर कसे निघेल याचा विचार केलेला आहे. आधी लाकूड, फोम आणि पुट्टीचा पूर्ण आकाराचा नमुना होतो, त्यावर मेणाचे थर घासून साचा उतरवतात, आणि त्या साच्यात जेलकोट म्हणजे बाहेरचा गुळगुळीत लेप, मग काचतंतूंची मॅट आणि रेझिन असे थर देऊन कवचाच्या पाट्या काढतात. पाटी साच्यातून सुटायची असेल तर प्रत्येक उभ्या भिंतीला दोन-तीन अंशांचा उतार हवा, आणि कडा आत वळता कामा नये. विजेत्याच्या बाजूच्या भिंती किंचित कललेल्या आहेत, कडा गोल आहेत, मडगार्ड वेगळे आहेत. प्रत्येक पाटी साच्यातून थेट वर उचलता येते. लाल गाडीत दाराच्या खाली हवा आत घेणारा घसा आत वळून गेला आहे, आणि नाकापासून शेपटीपर्यंत सुरीसारखी एक धार धावते. त्या घशासाठी साचा तीन तुकड्यांत फोडावा लागेल, आणि प्रत्येक तुकड्याच्या जोडावर कवचाला एक रेघ उमटेल, जी घासून-पुट्टी लावून लपवावी लागेल. धारेच्या टोकात मॅट बसत नाही, तिथे फक्त जेलकोट राहतो आणि हवेचे बुडबुडे राहतात. पहिल्या हिवाळ्यात तो कोपरा टवका उडून पांढरा दिसू लागतो. ब्रिटनमध्ये किट कारच्या तपासणीत बाहेरच्या कडांना निदान अडीच मिलिमीटरची गोलाई मागतात. ती मागतात पादचाऱ्यांच्या रक्षणासाठी, पण तीच कड साच्यातूनही नीट निघते.

याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. १९९७ साली, नोकरीत असतानाच, महूच्या पुढच्या एका शेतमालकासाठी हौसेने बग्गीचे कवच करायला घेतले होते. पुढच्या मडगार्डच्या आतली कड मी सुंदर दिसावी म्हणून अंगठ्याएवढी आत वळवली. अकरा दिवस नमुना घासला, साचा उतरवला, पहिली पाटी टाकली, आणि ती साच्यातच बसली. मे महिना होता, रेझिन घट्ट करणारा हार्डनर नेहमीच्या हाताने टाकला गेला होता, रेझिन बघता बघता तापून घट्ट झाले आणि वळलेल्या कडेने साच्याला मिठी मारली. लाकडी पाचरी ठोकल्या, कडेतून पाणी सोडले, कंप्रेसरची हवा मारली, तिघांनी ओढून पाहिले. शेवटी संध्याकाळी ग्राइंडर लावून साचाच कापला. पाटी वाचली, साचा गेला, म्हणजे त्या आकाराची जगात एकच बग्गी झाली. ती छान दिसत असे. पण किटचा सगळा व्यवहार एका साच्यातून शंभर पाट्या काढण्यावर चालतो, आणि त्या हिशेबाने माझे ते डिझाइन नापासच होते.

कॅलिफोर्नियात १९६४ साली ब्रूस मेयर्स यांनी फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रसामग्रीवर चालणारी मँक्स बग्गी केली. ते फायबरच्या नावा बांधणारे होते.  नावेला दरवाजा नसतो, तसा त्यांच्या बग्गीलाही नव्हता.

आणि दरवाज्यावरूनच दुसऱ्या क्रमांकाचा मुद्दा निघतो. दुसरे पारितोषिक मिळालेली ती पिवळी बंद गाडी, जिचे दरवाजे कात्रीसारखे वर उघडतात, तिच्याविषयी लोक गप्प आहेत, कारण ती ना कोणाला फार आवडली ना कोणाला फार खटकली. मला विचाराल तर ती बक्षिसांतच नसायला हवी होती. घरगुती फायबरच्या कामात दरवाजा हा सर्वांत कठीण भाग आहे. त्याला आतली आणि बाहेरची अशी दोन कवचे लागतात, बिजागरीला पोलादी पट्टी कवचात गाडावी लागते, पावसाच्या पाण्यासाठी बीडिंगची कड एकसारखी हवी, आणि काच खाली जायची असेल तर तिच्यासाठी आत मोकळी जागा हवी. वर उघडणाऱ्या दरवाज्यात याशिवाय सगळे वजन एका बिजागरीवर आणि गॅसच्या दांड्यावर येते; चौकट एक सूत जरी वाकली तरी दरवाजा मिटत नाही. १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या नोव्हा या बीटलवरच्या किट गाडीत रिचर्ड ओक्स यांनी दरवाजेच काढून टाकले आणि काचेसह सगळे छप्पर एका तुकड्यात वर उचलले, याचे कारण केवळ नाटकीपणा नव्हते. वेल्डिंग, ग्राइंडर आणि ड्रिल या तीन साधनांच्या अटीत हे कात्रीदरवाजे कसे बसले, याचे उत्तर परीक्षकांकडे मागायला हवे होते. पोह्यांच्या गाडीपाशी वाद घालायचाच तर तो यावर घालावा.

समोरच्या काचेबद्दल एवढेच सांगतो की आपल्याकडे ती नियमाने लॅमिनेटेडच, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेलीच, लागते, आणि वाकडी लॅमिनेटेड काच एका-दोन गाड्यांसाठी कोणी करून देत नाही. सपाट काच दुकानदार मापाने कापून देतो. वाकडी हवी तर दुसऱ्या एखाद्या गाडीची आयती घ्यावी लागते आणि मग कवचाचा आकार त्या काचेभोवती आखावा लागतो. विजेत्याने सपाट काच काढली. लाल गाडीची काच कानांपर्यंत वळलेली आहे, तशी काच रस्त्यावरच्या कोणत्याही गाडीला नाही. दिव्यांचेही तसेच. अमेरिकेतल्या लोकल मोटर्स कंपनीच्या रॅली फायटर या लोकांच्या कल्पनेतून निवडलेल्या धिप्पाड गाडीलाही मागचे दिवे होंडा सिव्हिकचेच लावावे लागले होते.

‘ही तर लोटस सेव्हनची नक्कल आहे’ हा आक्षेप मी फारसा मनावर घेत नाही. सेव्हन ही १९५७ ची, पुढे इंजिन असलेली, हलकी उघडी ब्रिटिश गाडी. तिचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅम कंपनीकडे गेले आणि तिच्या वळणाच्या गाड्या जगभर निघाल्या. आपल्याकडे अलिबागच्या बाजूला चिंकारा मोटर्सने इसुझूचे १.८ लीटरचे इंजिन घालून तशीच रोडस्टर केली होती. नळीची चौकट, सपाट पाट्या आणि सपाट काच घेऊन कोणीही बसला की गाडी थोडीफार सेव्हनसारखी दिसतेच. साहित्य सारखे असले की चेहरेपट्टी सारखी येते. तिला नक्कल म्हणता येत नाही.

लोकांच्या तक्रारींतली एक तक्रार मात्र पूर्ण खरी आहे. कशाला किती गुण आहेत हे आधी जाहीर केलेले नव्हते. बाहा स्पर्धेत डिझाइन, खर्च आणि विक्रीचे सादरीकरण यांचे वेगवेगळे मूल्यमापन होते, आणि मुलांना आधीपासून ठाऊक असते की सुंदर गाडीचा खर्चाचा तक्ता पोकळ असेल तर गुण जातील. इथे रूपाला किती आणि बांधणीला किती हे निकालानंतर सांगितले गेले, त्यामुळे लाल चित्र काढणाऱ्याला आपण फसवले गेलो असे वाटणे स्वाभाविक आहे. आणखी एक गोष्ट परीक्षकांनी कोणाकडूनच मागितली नाही, ती म्हणजे गाडीत बसलेल्या माणसाचे मापाचे चित्र. विजेत्याच्या गाडीत पुढची चाके पायांच्या इतकी जवळ आली आहेत की पाच फूट दहा इंचांच्या माणसाचा डावा पाय क्लच सोडल्यावर ठेवायचा कुठे, हे मला शोधूनही सापडले नाही.

आपण शेवटी विचारले आहे की ही गाडी बांधून रस्त्यावर नेता येईल का. नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या तपशिलांहून वेगळी होईल अशी फेरफार गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले. नवी गाडी म्हणून नोंदवायची तर तिची एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेकडून नमुनाचाचणी व्हावी लागते, जी एका हौशी माणसाच्या खिशाला झेपणारी नाही. खाजगी आवारात किंवा ट्रॅकवर चालवण्यासाठीच ही गाडी बांधावी, आणि भंगार गाडीची नोंदणी रीतसर रद्द करून मगच तिला कटर लावावा.

राहिला तो लाल चित्र काढणारा मुलगा, ज्याला आपण माझे उत्तर दाखवणार आहात. काल रात्री मी त्याच्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवला, चाके ५०८ ची काढली, मागची पाठ स्ट्रटच्या टोकापर्यंत वर नेली, घसा बुजवला आणि धार बोटभर गोल केली. खांद्यावरून शेपटीकडे उतरणारी त्याची जी मुख्य रेघ आहे, ती मागे थोडी चढवूनही टिकली. नाक त्याने काढले तेवढेच खाली ठेवता आले, कारण तिथे मी विशबोन धरले. गाडी आता चित्त्याऐवजी दबा धरून बसलेल्या बेडकासारखी दिसते. तरीही मला ती विजेत्या गाडीपेक्षा बरी वाटते. कागद शेडमधल्या कपाटावर ठेवला आहे आणि शेजारी पत्रे काढलेली एक ८०० उभी आहे; त्याने येताना मीटरची टेप आणावी, माझ्या टेपचे पहिले दोन इंच तुटलेले आहेत.